ऐकू येणं आणि ऐकणं : मॉनिटर मोडची कुळकथा



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आयोजकांना फोन करून विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला वायरलेस कार्डाशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर एवढंच, की मराठीत 'ऐकू येणं' आणि 'ऐकणं' अशी दोन क्रियापदं आहेत, आणि ज्ञानमीमांसेचा पहिला तास आम्ही वर्षानुवर्षं या दोन शब्दांवरच घालवत आलो. 'मला ऐकू आलं' यात नुसतं घडणं आहे. 'मी ऐकलं' यात लक्ष आहे, इच्छा आहे, आणि म्हणून जबाबदारीही आहे. हा भेद एका यंत्राच्या आत, दोन-तीन आज्ञांनी, इकडचा तिकडे करता येतो हे आम्हाला निवृत्तीनंतर कळलं. तेव्हापासून तो विषय डोक्यातून जात नाही.

आधी गोष्ट नीट समजून घेऊ. तुमच्या लॅपटॉपमध्ये वाय-फायचं एक छोटं कार्ड असतं. ते मुळात रेडिओ आहे. आपल्या राउटरचं बोलणं तेवढंच त्याला ऐकू येतं आणि शेजारच्या राउटरचं येत नाही, असं नाही. एका चॅनेलवर, टप्प्यात असलेलं सगळं त्याच्या अँटेनावर येऊन आदळतं. मग ते काय करतं? प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर, एक पत्ता असतो, ४८ बिटांचा. तो पत्ता आपला असेल तर कार्ड ती फ्रेम वर संगणकाकडे पाठवतं. नसेल तर टाकून देतं. याला मॅनेज्ड मोड म्हणतात. घरोघरी कार्डं याच मोडमध्ये असतात. मराठीत यासाठी फार सुंदर शब्द आहे : कानाडोळा. वाड्यात किंवा चाळीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे समजावून सांगायला नको. मधे नुसतं पार्टिशन. पलीकडच्या बिऱ्हाडातलं भांडण, रडणं, हिशेब, सगळं ऐकू यायचं. पण सकाळी नळावर भेट झाली की कुणी काही ऐकलेलं नसायचं.

मॉनिटर मोड म्हणजे हा कानाडोळा थांबवणं. कार्डाला सांगायचं, की पत्ता पाहून टाकून देऊ नकोस; जे येईल ते जसंच्या तसं वर पाठव. कार्डाची श्रवणशक्ती त्याने वाढत नाही. जो संयम पाळला जात होता तो फक्त काढून घेतला जातो.

हा संयम आला कुठून, त्याचा इतिहास हवाई बेटांवर सुरू होतो. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये अलोहानेट नावाचं जाळं चालू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनलं ओआहू बेटावरच्या मुख्य संगणकाला रेडिओने जोडायची होती. मधे समुद्र, टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. संगणकाजवळच्या केंद्राचं नाव ठेवलं होतं मेनेहुने. हवाईच्या लोककथांतले, रात्रीत कामं उरकणारे बुटके लोक. तर हा मेनेहुने बोलला की सगळ्या बेटांना ऐकू जायचं. मग उत्तर कुणासाठी आहे हे कसं कळणार? म्हणून पुडक्यावर पत्ता लिहायचा, आणि ज्याचं त्याने घ्यायचं. ही सोय होती, सुरक्षा नव्हे. आमच्या पुढच्या सगळ्या कथेतली गफलत इथेच आहे. सोयीसाठी केलेला संकेत कालांतराने लोकांना भिंत वाटू लागला.

अलोहानेटचा अभ्यास रॉबर्ट मेटकाफ यांनी आपल्या हार्वर्डच्या प्रबंधासाठी केला होता. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना त्यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिलं, आणि त्यातून इथरनेट आलं. आकाशातली लहर त्यांनी तारेत उतरवली. सगळे संगणक एकाच केबलला, आणि एक बोलला की सगळ्यांना ऐकू जाणार. नाव घेतलं ते एकोणिसाव्या शतकातल्या पदार्थविज्ञानातल्या 'ईथर'वरून, ज्यातून प्रकाश वाहतो असं समजत असत आणि जो मायकेलसन-मोर्ले यांना १८८७ मध्ये सापडला नाही. इथे आम्हाला विषयांतर केल्याशिवाय राहवत नाही. आपल्या वैशेषिकांनी 'आकाश' हे द्रव्य मानलं ते कशासाठी? शब्द हा गुण आहे, तर त्याला आश्रय हवा, म्हणून. आकाश एकच आणि सर्वव्यापी. शब्द कुणाचाही असो, तो त्या सामायिक आकाशात असतो. मेटकाफना कणाद माहीत असण्याचं कारण नाही, पण त्यांच्या केबलचं वर्णन याहून नेमकं करता येत नाही.

सामायिक केबल म्हटली की कधीतरी कुणाला सगळंच ऐकावं लागणार. जाळं बिघडलं तर दुरुस्त करणाऱ्याने काय करायचं? म्हणून इथरनेटच्या कार्डांत 'प्रॉमिस्क्युअस मोड' आला. इंग्रजीत या शब्दाला स्वैराचाराचा वास आहे; अभियंत्यांनी गमतीत ठेवलेलं नाव असेल, पण त्यात नैतिक कुजबुज आहेच. १९८८ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी टीसीपीडम्प हा प्रोग्राम लिहिला. जाळ्यावरची पुडकी ओळीने पडद्यावर दाखवणारा. तो आजही चालतो, आणि जगभरच्या जाळ्यांची दुरुस्ती त्याच्या आधाराने होते. हेतू शुद्ध होता यात शंका नाही. पण फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेला जाहीर इशारा द्यावा लागला, की घुसखोर लोक शिरलेल्या संगणकाचं कार्ड याच मोडमध्ये टाकून इतरांचे पासवर्ड गोळा करत आहेत. तेव्हा पासवर्ड उघडेच जात असत. कानाडोळा हीच सुरक्षा.

तारेच्या जगात यावर उपाय झाला तो काहीसा आडवाटेने. हबच्या जागी स्विच आले. स्विच ज्याचं पुडकं त्याच्याच तारेत सोडतो, त्यामुळे बाकीच्यांना मुळात ऐकूच येत नाही. लोक निर्धास्त झाले. आणि नेमक्या त्याच सुमारास, १९९७ मध्ये, ८०२.११ हे मानक आलं. आज ज्याला आपण वाय-फाय म्हणतो ते. जाळं पुन्हा हवेत गेलं. हवेला स्विच बसवता येत नाही.

आता प्रॉमिस्क्युअस आणि मॉनिटर यांतला फरक पाहू. पुष्कळ जाणकारही इथे गोंधळतात. प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये तुम्ही एका जाळ्याचे सभासद असता आणि त्या जाळ्यातलं इतरांचं बोलणं ऐकता. मॉनिटर मोडमध्ये तुम्ही कुणाचेच सभासद नसता. कार्ड कुठल्याही राउटरशी जोडलेलं नसतं, आणि म्हणून त्या चॅनेलवरच्या सगळ्या जाळ्यांचं बोलणं कच्च्या स्वरूपात येतं. नुसता मजकूरच नव्हे. राउटरची 'मी इथे आहे' ही दवंडी, फोनने घातलेल्या हाका, 'पोचलं' म्हणून दिलेल्या पावत्या, हेही. प्रत्येक फ्रेमला वर एक चिठ्ठी जोडलेली : किती जोराने ऐकू आली, कुठल्या चॅनेलवर, किती वेगाने. सगळ्यांचं ऐकायचं असेल तर आपण कुणाशी जोडलेलं असून चालत नाही. मुंडकोपनिषदातल्या दोन पक्ष्यांची आठवण इथे सर्वांनाच होईल, एक फळ खाणारा आणि एक नुसता पाहणारा. आम्हालाही झाली, आणि आम्ही या साम्यावर बेहद्द खूश होतो. पण आमच्या भाच्याने, तो याच क्षेत्रात आहे, तो आनंद टिकू दिला नाही. म्हणाला, "मामा, बरीच कार्डं या मोडमध्ये असतानाही बनावट फ्रेम हवेत सोडू शकतात. तुमचा साक्षी पक्षी दगडही मारतो." शिवाय एक रेडिओ एका वेळी एकाच चॅनेलवर असतो. सगळं ऐकायला चॅनेलवरून चॅनेलवर उड्या माराव्या लागतात, आणि उडी मारली की मागचं निसटतं. म्हणजे हा ऐकणारा सर्वज्ञही नव्हे.

सुरुवातीच्या काळात ही सोय मिळणं कठीण होतं. २०००-०१ च्या सुमाराला प्रिझम-२ चिपची कार्डं लिनक्सवर या मोडमध्ये टाकता येत, म्हणून जाणकारांत त्यांना मागणी होती. ओरिनोको कार्डांसाठी ड्रायव्हरला वेगळं ठिगळ लावावं लागे. प्रत्येक कार्डाची आज्ञा निराळी, मंत्र पुटपुटल्यासारखी. २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात मॅक-८०२११ हा सामायिक भाग आला, त्याच्या जोडीने आयडब्ल्यू हे साधन आलं, आणि तेव्हापासून एकच आज्ञा पुष्कळशा कार्डांना चालू लागली. हे तपशील रुक्ष वाटतील. पण एखादी कृती कठीण असते तोवर ती करणारे थोडे असतात, आणि ती सोपी झाली की तिचा नीतीचा प्रश्न होतो.

दरम्यान वाय-फायवाल्यांनी संरक्षण म्हणून वेप नावाची कुलूपपद्धत दिली होती. प्रत्येक पुडक्याच्या कुलपात बदलता भाग २४ बिटांचा, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या आसपास आकडे. गर्दीच्या जाळ्यावर हे आकडे काही तासांत पुन्हा येऊ लागतात. ऑगस्ट २००१ मध्ये फ्लुहरर, मँटिन आणि शमीर यांनी दाखवून दिलं, की पुरेशी पुडकी नुसती ऐकली तर मूळ किल्ली काढता येते. नुसती ऐकली, हे लक्षात घ्या. दार ढकलायचं नाही, खिडकी वाजवायची नाही. त्याच महिन्यात हे काम करणारा एअरस्नॉर्ट हा प्रोग्रामही आला. २००७ मध्ये जर्मनीत डार्मस्टाटच्या तिघांनी हे काम एका मिनिटाच्या आत आणलं. आणि त्याच वर्षी टीजेएक्स या अमेरिकी दुकानसाखळीतून ४ कोटी ५७ लाख कार्डांचे क्रमांक गेल्याचं बाहेर आलं. कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांच्या चौकशीत, वेपवर विसंबून राहिल्याचा ठपका कंपनीवर आला.

आता थोडं घरचं. २०१५ च्या पावसाळ्यात भाचा आमच्याकडे आला होता. त्याला म्हटलं, एकदा डोळ्यांनी दाखव. त्याने आमच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर आधी नेटवर्कमॅनेजर आणि डब्ल्यूपीए-सप्लिकंट ही दोन्ही बंद केली. ही मंडळी मागे राहिली तर कार्डाला सारखी ओढून परत जाळ्याला जोडायला बघतात. मग कार्ड खाली घेतलं, प्रकार बदलून मॉनिटर केला, पुन्हा वर आणलं, चॅनेल सहा लावलं. चार ओळी. लॅपटॉपवर चाललेलं गाणं थांबलं आणि पडद्यावर फ्रेमांचा पाऊस सुरू झाला.

बहुतेक मजकूर कुलूपबंद होता. वेपच्या जागी तोवर डब्ल्यूपीए-टू सगळीकडे आलं होतं. पण पाकीट बंद असलं तरी पत्ता उघडा असतो. कोण कुणाशी, किती वेळ, किती मोठं. आम्हाला शाळेतला वर्गाचा मॉनिटर आठवला. गुरुजी बाहेर गेले की तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा. काय बोलले हे तो कधीच लिहीत नसे, तरी मार चुकत नसे.

मग एक ओळ दिसली. कुठला तरी फोन अधूनमधून हाक घालत होता. त्या काळचे पुष्कळ फोन पूर्वी जोडल्या गेलेल्या जाळ्यांना नावानिशी हाका मारत असत, 'अमुक आहेस का, तमुक आहेस का'. या फोनच्या हाकांमध्ये एका कर्करोग रुग्णालयाच्या वाय-फायचं नाव होतं. सिग्नल जोरदार, म्हणजे फोन जवळच. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत.

आम्ही लॅपटॉप मिटला. कुणाचा फोन हे शोधलं नाही, शोधायचंही नव्हतं. पण पुढचे कित्येक दिवस लिफ्टपाशी कुणी भेटलं की आम्ही नको तितक्या मायेने चौकशी करू लागलो. शेवटी एका गृहस्थांनी विचारलंच, "सर, काही झालंय का? असं का बघताय?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. वाड्यातलं पार्टिशन आठवलं. तिथे ऐकू येत असे. इथे आम्ही ऐकलं होतं. चार ओळी टाइप करून ऐकलं होतं.

परत येण्याचीही फजिती सांगून टाकतो. भाचा गेल्यावर आम्ही वहीत उतरवलेल्या आज्ञा उलट्या क्रमाने दिल्या : कार्ड खाली, प्रकार मॅनेज्ड, कार्ड वर. नेट काही येईना. बंद केलेला नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू करायचं राहिलं होतं. शेवटी संगणक बंद करून चालू केला आणि सगळं जागेवर आलं, कारण हा मोड कायमचा टिकत नाही. यंत्र उठलं की मूळच्या शिस्तीत उठतं. माणसाचं तसं होत नाही, हे आम्ही लिफ्टपाशी शिकत होतो.

आमची गोष्ट चार बिऱ्हाडांची. हीच गोष्ट रस्तोरस्ती झाली तेव्हा काय झालं? मे २०१० मध्ये गूगलने कबूल केलं, की स्ट्रीट व्ह्यूसाठी फिरणाऱ्या त्यांच्या मोटारींनी रस्त्यांच्या छायाचित्रांबरोबर उघड्या वाय-फाय जाळ्यांवरचा मजकूरही साठवला होता. हँबुर्गच्या माहिती संरक्षण अधिकाऱ्यांनी तपासणीची मागणी केल्यावर हे निघालं. मोटारींत किस्मेट हा कुणालाही मिळणारा प्रोग्राम वापरला होता, ऐकण्यासाठीच बनवलेला. राउटरांच्या जागा टिपायच्या होत्या, त्यासाठी दवंड्या पुरे होत्या. मजकूरही आला, आणि ठेवला गेला. २०१३ मध्ये गूगलने अमेरिकेतल्या ३८ राज्यांशी ७० लाख डॉलरला तडजोड केली. आमच्या मते यात खरा दोष ऐकण्यापेक्षा साठवण्याचा होता, पण यावर दुमत असू शकतं.

दुमत न्यायालयातही झालंच. अमेरिकेच्या कायद्यात सर्वसामान्यांना सहज मिळू शकणारं प्रसारण ऐकणं गुन्हा नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये इलिनॉयच्या संघीय न्यायालयाने, इनोव्हेशिओ या कंपनीच्या खटल्यात, म्हटलं की कुलूप नसलेलं वाय-फाय ऐकणं या सवलतीत बसतं. लॅपटॉप, फुकट मिळणारं वायरशार्क, आणि बाजारात तेव्हा ६९८ डॉलरला मिळणारं एक कार्ड, एवढ्यावर कुणालाही ते ऐकता येतं. सप्टेंबर २०१३ मध्ये गूगलच्या प्रकरणात नवव्या अपील न्यायालयाचा निर्णय उलट आला. त्यांच्या मते, कायद्यातलं 'रेडिओ संवाद' म्हणजे प्रामुख्याने कानांनी ऐकायचं प्रसारण. वाय-फायवरचा मजकूर त्यात येत नाही. गंमत पाहा : एका न्यायालयाने 'सहज' म्हणजे काय हे ठरवलं, दुसऱ्याने 'ऐकणं' म्हणजे काय हे. आमच्या वर्गातला पहिला तास असा सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेला.

आणि महाराष्ट्रात? इथे प्रश्न दुसऱ्या टोकाने आला. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेली, आणि तपास पोचला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या अमेरिकी गृहस्थाचं वाय-फाय उघडं होतं, ते बाहेरच्या कुणीतरी वापरलं होतं. इथे मॉनिटर मोडचा संबंध नाही. दार उघडं होतं आणि कुणी आत आलं. पण परिणाम ऐकण्यावरच झाला. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन उघडी जाळी शोधत फिरण्याचं जाहीर केलं. आणि मुंबईवरच्या नोव्हेंबरमधल्या हल्ल्यानंतर महिन्याभरात, डिसेंबर २००८ मध्ये, माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती संसदेत संमत झाली. तिच्यातल्या ६९-ब या कलमाने शासनाला 'ट्रॅफिक डेटा'वर नजर ठेवण्याचा अधिकार दिला. ट्रॅफिक डेटा म्हणजे काय? फळ्यावरची नावं. सानपाड्यासारख्या प्रकरणात तपासाला याच नावांची गरज होती हे आम्ही नाकारत नाही. आणि आमच्या मजल्यावरच्या माणसाला याच नावांपासून संरक्षण हवं होतं, हेही तितकंच खरं. २४ ऑगस्ट २०१७ च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण कुठल्या नावापाशी खडू थांबवायचा हे दर प्रकरणात नव्याने ठरवावं लागणार.

यंत्राच्या बाजूने बरंच सुधारलं आहे. २०१४ मध्ये अ‍ॅपलने फोनला हाका मारताना खोटा, बदलता पत्ता दिला. इतरांनी मागोमाग केलं. नावानिशी हाका मारणंही कमी झालं. २०१८ च्या डब्ल्यूपीए-थ्रीमध्ये तर पासवर्ड माहीत असणाऱ्यालाही शेजाऱ्याचं बोलणं नुसतं ऐकून उलगडता येत नाही. डब्ल्यूपीए-टूमध्ये, सुरुवातीचा हस्तांदोलनाचा भाग ऐकला असेल तर, ते जमत असे. आपल्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सगळ्यांना एकच पासवर्ड दिलेला असतो, तिथे हा फरक फार मोठा आहे. राउटर बदलायची वेळ आली असेल तर खोक्यावर एवढं वाचून घ्या.

मॉनिटर मोड मात्र आहे तिथेच आहे, आणि तो असायलाही हवा. तो नसता तर वेप पोकळ आहे हे कुणाला कळलंच नसतं. टेबलावरचा हा लॅपटॉप तोच आहे. कार्ड मॅनेज्ड मोडमध्ये आहे, येण्यापूर्वी दोनदा तपासलं. तेव्हा आता आपण निःशंकपणे फोन चालू करा, आणि काही प्रश्न असतील तर विचारा. आम्ही इथे थांबतो.